मृत्यू केव्हा झाला असेल? आधी जागा, मग देह

"डॉक्टर, खोलीतला पंखा चालू होता की बंद?"

सत्र न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. शवविच्छेदनाच्या अहवालात मी ठामपणे लिहून बसलो होतो की मृत्यू 12 तासांपूर्वी झाला. मे महिना, पत्र्याची खोली, आणि देह टेम्पोतून बर्फाच्या लादीवर ठेवून आणलेला. पंखा चालू होता का, हे मला माहीत नव्हतं. बर्फावर देह किती वेळ होता, तेही माहीत नव्हतं. पंचनाम्यात दोन्हींचा उल्लेख नव्हता आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचं आयुष्य त्या 12 च्या आकड्यावर टांगलेलं होतं, आणि तो आकडा मी पुस्तकातल्या तक्त्यावरून उचललेला होता.

ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, पहिल्यांदाच तपास हाती आलेले फौजदार, आणि असे अहवाल वाचावे लागणारे वकील यांच्यासाठी हे लिहितो आहे. देहावरून मृत्यूची वेळ थेट वाचता येत नाही. देहात झालेले बदल तेवढे वाचता येतात. ते बदल किती वेगानं झाले, हे जागा आणि हवा ठरवते. जागेची नोंद नसेल तर देह कितीही बारकाईनं तपासा, उत्तर अर्धंच राहतं.

जागेवर पोचल्यावर

घड्याळात बघा आणि वेळ लिहा. पुढची प्रत्येक नोंद कोणत्या वेळेची, हे कागदावर आलंच पाहिजे. "ताठरता आढळली" या वाक्याला वेळेशिवाय काही अर्थ नाही.

मग देहाला हात लावायच्या आधी हवेचं तापमान घ्या, तेही देहाजवळ आणि देहाच्याच उंचीवर. पत्र्याच्या खोलीत छताजवळची हवा आणि शहाबादी फरशीलगतची हवा यांत मोठा फरक असतो. पंखा, कूलर, एसी, खिडक्या, दार कसं होतं ते लिहा. कुणी आल्याबरोबर पंखा लावला असेल किंवा वास येतो म्हणून खिडकी उघडली असेल, तर कोणी आणि किती वाजता, हेही लिहा. घरची माणसं हे न विचारता सांगत नाहीत. त्यात लपवाछपवी नसते, त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही एवढंच. देह कशावर आहे (फरशी, गादी, शेणानं सारवलेली जमीन, ओली माती), अंगावर किती कपडे, पांघरूण आहे का, ऊन कुठून येतं आणि सावली केव्हा पडते, हे सगळं पंचनाम्यात हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होणारा मरणोत्तर पंचनामा हाच पुढे डॉक्टरांच्या हातातला पहिला कागद असतो. तो चार ओळींत उरकला की डॉक्टरांकडे अंदाज करण्यापलीकडे काही उरत नाही.

जागेवर आणखी एक पुरावा असतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात भरवशाचा. दाराच्या कडीला लटकलेल्या दुधाच्या पिशव्या मोजा. पेपर किती दिवसांचे साठलेत, ते बघा. मोबाइलवरचा शेवटचा उचललेला फोन आणि पहिला न उचललेला फोन यांच्या वेळा टिपा. गॅसवरच्या पातेल्यातलं वरण आंबलंय की त्याला बुरशी आलीय, देवासमोरच्या समईत तेल किती उरलंय, अंथरूण घातलेलं आहे की घडी केलेलं, हे बघा. माणूस शेवटचा जिवंत कधी दिसला आणि मृत कधी सापडला, ही दोन टोकं याच नोंदींतून मिळतात. वैद्यकीय मत या दोन टोकांच्या आत बसलं पाहिजे. बसत नसेल तर दोन्हींपैकी काहीतरी चुकतंय, आणि ते शोधल्याशिवाय सही करू नका.

देह गार पडणं

पहिल्या 18-20 तासांत तापमान उपयोगी पडतं, पण घेण्याची पद्धत सांभाळा. काखेतला ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही. सुमारे 25 सेंटिमीटर लांबीचा, 0 ते 50 अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर गुदद्वारातून 8 ते 10 सेंटिमीटर आत ठेवावा लागतो. लैंगिक अत्याचाराची पुसटशीही शंका असेल तर आधी स्वॅब घ्या. स्वॅब घेण्याआधी थर्मामीटर आत गेला की पुरावा कायमचा बिघडतो. तासाभरानं पुन्हा मोजा. दोन आकडे असले की या देहाचा गार पडण्याचा खरा वेग कळतो, पुस्तकातली सरासरी वापरावी लागत नाही.

हिशेब दिसायला सोपा असतो. समजा आतलं तापमान 33 अंश आहे. जिवंतपणीचं 37 धरलं तर 4 अंश उतरले. उष्ण प्रदेशात ताशी अर्धा अंश धरतात, म्हणजे 8 तास. पण देह सडपातळ, कपडे पातळ आणि वारा वाहता असेल तर वेग ताशी 0.8 पर्यंत जाऊ शकतो, मग तेच उत्तर 5 तास येतं. शिवाय मृत्यूनंतर सुरुवातीचा अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त वेळ आतलं तापमान फारसं हलतच नाही, तो वेळ वर धरावा लागतो. एकाच आकड्यातून 5 ते 9 तासांचं अंतर निघतं, आणि कागदावर तेच लिहायचं. जर्मनीतल्या क्लाउस हेन्सगे यांनी वजन, कपडे आणि हवेचं तापमान धरून जो आलेख तयार केला, तो जगभर वापरला जातो. त्यातसुद्धा उत्तम परिस्थितीत साधारण 2.8 तास मागे-पुढे धरावे लागतात. इतक्या काटेकोर पद्धतीला एवढी सूट लागते, तर आपण "अमुक वाजता" असं कसं म्हणणार?

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. हवा देहापेक्षा गरम असेल तर देह गार पडत नाही, उलट तापतो. अशा दिवशी तापमानाचा हिशेब सोडून द्या आणि का सोडला ते लिहा. उष्माघातात किंवा जंतुसंसर्गाच्या तापात गेलेल्या माणसाचं सुरुवातीचं तापमानच 37 च्या वर असतं, हेही विसरू नका. उलट, पाण्यात देह हवेपेक्षा कितीतरी लवकर गार होतो, आणि लहान मुलाचा देह मोठ्या माणसाच्या आधी.

रक्त उतरणं

हृदय थांबलं की रक्त जमिनीच्या बाजूला उतरतं आणि तिथली त्वचा जांभळट दिसू लागते. अर्ध्या-एक तासात ठिपके दिसतात, तीन ते सहा तासांत ते एकमेकांत मिसळतात, आणि साधारण सहा ते बारा तासांत रंग पक्का बसतो. अंगठा घट्ट दाबून काढा. जागा पांढरी पडली तर रंग अजून बसलेला नाही.

वेळेसाठी ही खूण ढोबळच आहे. तिचा मोठा उपयोग दुसरा आहे. देह हलवला होता का, हे ती सांगते. उताण्या देहाच्या पाठीवर जांभळा रंग येतो, पण खांदे, नितंब, पोटऱ्या आणि टाचा जमिनीला टेकलेल्या असल्यानं तिथे पांढरे चट्टे राहतात. देह उताणा सापडला आणि पक्का रंग छातीवर असेल, तर त्याला कुणीतरी उलटवलंय. सावळ्या त्वचेवर हा रंग ट्यूबलाइटखाली निसटतो. देह खिडकीपाशी किंवा उजेडात घेऊन बघा, नखं आणि तळहात बघा. गडद गुलाबी लाल रंग दिसला तर वेळेचा विचार बाजूला ठेवून कार्बन मोनॉक्साइड, सायनाइड आणि शीतपेटीतली थंडी यांचा विचार आधी करा.

ताठरता

शवागारात सगळे हिला रायगरच म्हणतात. स्नायूला सैल व्हायला लागणारी एटीपी नावाची ऊर्जा संपते आणि स्नायू आहे तसाच आखडून राहतो. आखडायला सगळे स्नायू एकदमच सुरुवात करतात, पण लहान स्नायूंत ते आधी जाणवतं. त्यामुळे पापण्या, जबडा, मान, मग हात, मग पाय असा क्रम दिसतो, आणि सुटतेही त्याच क्रमानं.

तपासताना घाई नको. एका बोटानं हनुवटी खाली ढकलून बघा. मग मान, कोपर, मनगट, बोटं, गुडघा, घोटा अशा क्रमानं जा. प्रत्येक सांध्यापुढे "नाही", "थोडी", "पूर्ण" किंवा "सुटलेली" यांपैकी एक शब्द लिहा. फक्त "रायगर आहे" असं लिहू नका. आणि टेम्पोतून उतरवताना, कपडे काढताना कुणी हात सरळ केला का, हे विचारा. पूर्ण आलेली ताठरता जोर लावून मोडली तर पुन्हा येत नाही. आमच्या शवागारातले मामा स्ट्रेचरवर मावावा म्हणून देहाचे हात आधी सरळ करत. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या एका कृतीनं माझी खूण पुसली जायची. आता ते मला हाक मारतात आणि मी बघेपर्यंत थांबतात.

"12 तासांत येते, 12 तास राहते, 12 तासांत जाते" हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. आपल्या उन्हाळ्यात तो खरा ठरत नाही. कडक उन्हाळ्यात दीड दिवसाच्या आत सगळं अंग पुन्हा सैल झालेलं असतं, तर थंडीत ताठरता दोन दिवसही टिकते. झटापट, धावपळ, फेफरं किंवा विजेचा धक्का यांत स्नायूंची ऊर्जा आधीच खर्च झालेली असल्यानं ती लवकर येते. जळालेल्या देहाचे हातपाय मुठी आवळून आखडतात, ते मात्र उष्णतेनं. त्याचा वेळेशी संबंध जोडू नका.

पोटातलं अन्न, आणि 14 वर्षांचा एक मुलगा

हलकं जेवण जठरातून साधारण एक ते तीन तासांत पुढे सरकतं, जड जेवणाला चार-सहा तास किंवा जास्त लागतात. भीती, मार, आजार, दारू यांनी पचन तासन्‌तास थांबू शकतं.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात क्लिंटन गावाजवळ जून 1959 मध्ये 12 वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. जठरातलं अन्न बघून डॉक्टरांनी मृत्यूची वेळ संध्याकाळी 7 ते पावणेआठ इतकी नेमकी सांगितली. त्या पाऊण तासात तिच्याबरोबर दिसला होता स्टीव्हन ट्रस्कॉट, वय 14. त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली, 1969 मध्ये तो पॅरोलवर सुटला, आणि ऑगस्ट 2007 मध्ये, म्हणजे 48 वर्षांनी, ओंटारियोच्या अपील न्यायालयानं त्याला दोषमुक्त केलं. जठरातल्या अन्नावरून इतकी अरुंद वेळ सांगता येत नाही, हे तोवर विज्ञानानं दाखवून दिलं होतं.

म्हणून पोटात काय होतं, किती होतं आणि किती पचलं होतं, एवढं लिहा. भाताची शितं, डाळीची सालं ओळखू येत असतील तर तेही लिहा. शेवटचं जेवण कोणतं आणि केव्हाचं, हे घरच्यांना विचारून ताडून बघता येतं. "मृत्यू जेवणानंतर" इथवर जा, त्यापुढे एकट्या अन्नाच्या भरवशावर जाऊ नका.

कुजायला लागल्यावर

पहिली खूण उजव्या ओटीपोटावर दिसते. तिथे मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग त्वचेच्या अगदी जवळ असतो आणि तो जंतूंनी भरलेला असतो. जंतूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिसळला की त्वचेवर हिरवट डाग उमटतो. उन्हाळ्यात तो 12 ते 18 तासांत येतो, हिवाळ्यात एक-दोन दिवस घेतो. मग खांद्यावर, मांडीवर शिरांचं हिरवट-काळं जाळं दिसतं, साधारण दीड-दोन दिवसांत. पोट आणि चेहरा फुगतो, त्वचेला फोड येतात, ती सुटू लागते. तीन ते पाच दिवसांत केस आणि नखं ओढली तर हातात येतात. गर्भ नसलेलं गर्भाशय आणि पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी सगळ्यात शेवटी कुजते. बाकी काही ओळखू येत नसताना स्त्री की पुरुष, हे त्यावरून सांगता येतं.

हे सगळे दिवस ढोबळ आहेत. 21 ते 38 अंशांत जंतू जोमानं वाढतात, म्हणून कोकणातल्या दमट ऑक्टोबरमध्ये जे दोन दिवसांत होतं त्याला महाबळेश्वरच्या जानेवारीत आठवडा लागू शकतो. जखमा, सूज, जंतुसंसर्ग आणि लठ्ठपणा यांनी वेग वाढतो. अतिसारानं कोरडं पडलेलं शरीर, किंवा श्वासच न घेतलेलं अर्भक, सावकाश कुजतं. कोरड्या गरम माळ्यावर देह वाळून चामड्यासारखा होतो. ओल्या जागी, विहिरीत, चरबीचं मेणासारखं पांढरट पिवळं द्रव्य होतं आणि चेहरासुद्धा ओळखता येईल इतका टिकतो. त्याला आंबूस वास येतो. उष्ण हवेत ते काही दिवसांतही सुरू होतं.

अमेरिकेतल्या टेनेसीत अभ्यासकांनी उघड्यावरच्या देहांसाठी एक सूत्र मांडलं. 1285 ला सरासरी तापमानानं भागलं की सांगाडा होईपर्यंतचे दिवस येतात. 30 अंशांना सुमारे 43 दिवस. त्यातून तापमानाचा प्रभाव समजून घ्या, पण तिथलं सूत्र आपल्या मातीला जसंच्या तसं लावू नका.

अळ्या गोळा करताना

दोन-तीन दिवसांपुढे ताठरता, तापमान आणि जांभळा रंग गप्प होतात, आणि माशा बोलू लागतात. चीनमध्ये 1247 साली सोंग त्सी या न्यायाधिकाऱ्यानं एका खुनाच्या तपासाची हकीकत नोंदवली. गावातल्या सगळ्यांना आपापले विळे जमिनीवर ठेवायला लावले आणि ज्या एका विळ्यावर माशा घोंगावल्या त्याच्या मालकानं गुन्हा कबूल केला. धुतलेल्या पात्यावरचा रक्ताचा अंशही माशीला कळतो.

आपल्याकडे सहसा निळसर-हिरव्या चमकदार माशा येतात. त्यांत क्रायसोमाया मेगासेफाला आणि क्रायसोमाया रुफिफेसिस या जाती सर्रास दिसतात. त्या नाक, तोंड, डोळे, जखमा अशा ओल्या जागी अंडी घालतात. उबदार हवेत अंडी 8 ते 24 तासांत फुटतात, अळी चार-पाच दिवस वाढते, मग कोशात जाते, आणि साधारण नऊ-दहा दिवसांत नवी माशी बाहेर पडते. करड्या पट्ट्यांची मांसमाशी मात्र अंडी न घालता थेट अळ्या सोडते. तिच्या अळीसाठी अंड्याचे तास मोजले तर उत्तर चुकतं.

सगळ्यात मोठ्या अळ्या शोधा, कारण वय त्यांचंच जास्त. अर्ध्या अळ्या उकळत्याच्या जवळ आलेल्या पाण्यात अर्धा मिनिट धरून 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये घाला. थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या आक्रसतात आणि लांबी चुकते. उरलेल्या अर्ध्या जिवंत ठेवा, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, मांसाच्या तुकड्यावर. त्यांची माशी झाली की जात नक्की कळते. देहाखालची माती, सतरंजीच्या घड्या, भिंतीच्या कडा बघा, कारण कोशात जायची वेळ आली की अळ्या दूर सरकतात. रिकामा तपकिरी कोश सापडला तर एक पिढी पुरी झाली. अळ्यांच्या गोळ्यात थर्मामीटर घालून वाचा, तो हवेपेक्षा दहा अंशांनीही गरम असू शकतो. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा.

यातून जी वेळ निघते ती माशी देहापर्यंत पोचल्याची असते. रात्री, धो धो पावसात, बंद कपाटात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या देहावर माशी उशिरा येते. मृत्यू त्याआधीचा.

पाण्यातले आणि पुरलेले देह

एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनच्या योहान लुडविग कास्पर यांचा जुना ठोकताळा असा: हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि मातीतले आठ. तो ढोबळ आहे, पण देह उशिरा सापडला की निदान दिशा दाखवतो. विहिरीत पडलेला देह उन्हाळ्यात साधारण एका दिवसात तरंगतो, थंडीत दोन-तीन दिवस घेतो. पाण्यात डोकं खाली लोंबकळत असल्यानं रक्त चेहऱ्याकडे उतरतं आणि कुजणंही चेहरा-मानेपासून सुरू होतं. बाहेर काढल्यावर ते झपाट्यानं वाढतं, म्हणून काठावर असतानाच फोटो आणि नोंदी घ्या.

मातीतल्या देहाबद्दल बोलताना मला 1977 मधली टेनेसीतली घटना आठवते. फ्रँकलिन गावात एक जुनी कबर उकरलेली आढळली, वर सूट घातलेला एक देह. मांस अजून गुलाबी. नावाजलेले मानवशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी मृत्यू वर्षभराच्या आतला सांगितला. तो देह निघाला लेफ्टनंट कर्नल विल्यम शाय यांचा, 1864 च्या डिसेंबरात नॅशव्हिलच्या लढाईत पडलेल्या अधिकाऱ्याचा. रसायनं भरून टिकवलेला देह आणि घट्ट बंद लोखंडी पेटी. अंदाज 113 वर्षांनी चुकला. बास यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि देह कसा कुजतो याचा अभ्यास करायला नॉक्सव्हिलच्या विद्यापीठात जागा उभारली. 1981 मध्ये तिथे पहिला देह ठेवला गेला. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

मत लिहिताना

डोळ्यातल्या द्रवातलं पोटॅशियम मोजून 1963 च्या स्टर्नर यांच्या सूत्रानं तास काढता येतात: पोटॅशियमचा आकडा गुणिले 7.14, वजा 39.1. म्हणजे 8 आलं तर सुमारे 18 तास. उष्णतेत हेही पुढे धावतं, म्हणून जोड म्हणून वापरा.

शेवटी प्रत्येक खुणेचं स्वतंत्र अंतर एकाखाली एक मांडा आणि ती कुठे एकमेकांवर येतात ते बघा. मी असं लिहितो: "मृत्यूनंतरचा काळ शवविच्छेदन सुरू होण्यापूर्वी (दि. अमुक, सकाळी 11.20) 18 ते 30 तास. आधार: जबडा व मानेतली ताठरता सुटलेली, पायांत शिल्लक; पाठीवरचा रंग पक्का; उजव्या ओटीपोटावर हिरवट डाग; नाकपुडीत नुकत्या फुटलेल्या अळ्या. खोलीचं तापमान 38 अंश, पंखा बंद (पंचनाम्यानुसार). देह शीतपेटीत ठेवलेला नव्हता." देह शीतपेटीत ठेवला असेल तर ठेवल्याची आणि काढल्याची वेळ याच वाक्यात घाला.

उलटतपासणीत "18 ऐवजी 16 तास असू शकतात का?" असं विचारतील. शक्य असेल तर हो म्हणा. वकील दुखावतील, फौजदार नाराज होतील, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली तुम्हाला बोलावलंय ते तज्ज्ञ म्हणून, कुणा एका बाजूचे म्हणून नाही. आणि हवामान केंद्राचे आकडे किंवा कीटकांचा अहवाल मागाहून आला आणि अंतर बदलत असेल, तर तारीख घालून वेगळं पूरक मत द्या. आधीच्या कागदावर खाडाखोड करू नका, तो आहे तसा फाइलमध्ये राहू द्या.